वानोळ्याचं वजन

३ ऑगस्ट, रविवार

कालपासून मी सुपांग नाही. नात झाली म्हणून तीन रेडे कापले, आसपासच्या पाच गावांना जेवायला बोलावलं, आणि म्हाताऱ्या मंडळींनी साऱ्यांसमोर माझं जुनं नाव काढून घेऊन नवं दिलं. रिनाई आरान. अर्थ विचारायचा नसतो, तोंड भरून हाक मारता आली की झालं. सकाळी गेरावत, माझा मुलगा, सवयीनं म्हणाला, "सुपांग एजंट आहे का म्हणून रेडिओवर विचारतायत." मी मुद्दाम ओ दिली नाही. मग माझं मलाच हसू आलं. सहासष्टाव्या वर्षी नवऱ्या मुलीसारखं नव्या नावाला लाजायचं म्हणजे काय!

हे मी हवामानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. पुढून वारा, ढग, पाऊस, मागून मी. शाळेत गेले नाही. अक्षरं चर्चच्या गाण्यांवरून शिकले आणि आकडे धावपट्टीवरच्या काट्यावरून. एकतीस वर्षं या गवताळ पट्टीची एजंट आहे. विमान येणार असेल तेव्हा किनाऱ्याला हवा कळवायची, माणसं तोलायची, यादी लिहायची आणि रेडे हाकलायचे. शेवटचं काम सगळ्यात अवघड.

उद्या आठ पाहुणे परत जाणार. जेवण झकास झालं. नणंदबाईंनी, बुयांगताईंनी, टोमणा मारलाच, "वहिनी, इतकं वाढलंस, आता ही माणसं विमानात मावायची नाहीत." सगळे हसले. जावई तेवढे वेगळे बसले होते. साहारी, बुयांगताईंच्या लेकीचा, मेनुनचा नवरा, किनाऱ्यावरचा. आमच्या हातचं मांस त्यांच्यात चालत नाही. त्याच्यासाठी माशाचं पातेलं वेगळं ठेवलं होतं. माझ्या नावाच्या रेड्याला हात न लावणारा तो एकटाच. राग नाही आला. लक्षात राहिलं.

पाहुण्यांचा वानोळा सकाळीच बांधून ठेवला. तांदूळ, अननस, पानात बांधलेलं मीठ, मांस. घराघरातून देतील ते वेगळंच. लावाईच्या आईसाठी मी तांदळाचं एक पोतं काढून ठेवलंय, तो जाताना वाटेत तिच्या पट्टीवर उतरवेल. लावाई म्हणजे आमच्या डोंगरातला पहिला पायलट. पलीकडच्या खोऱ्यातल्या लितादचा मुलगा, मला मावशी म्हणतो.

४ ऑगस्ट

विमान पडलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल दोन शब्दांपुढे हात चालला नाही. आज लिहिते, कारण लोक विचारणार आणि मी विसरणार.

सकाळी आठ वाजता हवा चांगली होती. मी आठही पाहुण्यांना काट्यावर उभं केलं, पिशव्या तोलल्या. सहाशे दहा किलो. वानोळा काट्यावर ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. विमानाची कंपनी म्हणते सुतळीसुद्धा तोला. पण दिलेली वस्तू घेणाऱ्यासमोर तोलायची म्हणजे 'बघ, तुला किती दिलं' असं तोंडावर सांगायचं. इतकं निर्लज्ज इथे कोणी नाही. म्हणून मी वरून तीस किलो धरते. एकतीस वर्षं तीस किलो पुरले. सहाशे दहा आणि तीस, सहाशे चाळीस. त्या दिवशी विमानाला चालत होतं ते बरोबर तेवढंच. मला बरं वाटलं, आकडा कसा नेमका बसला म्हणून.

लोकांना अडवायला पट्टीच्या कडेला बांधलेली दोरी सोडली तशी सगळी घरं विमानापर्यंत चालत गेली. कोणाच्या हातात काय नव्हतं! शेवटच्या बाकामागची जागा छतापर्यंत भरली. लावाई एकदा शेपटाकडे गेला, हातानं थोपटलं, परत आला आणि चढला.

पट्टी संपायच्या आत विमान सुटलं. मग नाक वर झालं. आणखी वर. कळपातला रेडा मान वर काढून हुंगतो ना, तसं. मला वाटलं, पोरगा आज मावशीला करामत दाखवतोय. इंजिन जोरात ओरडत होतं. मग डावा पंख खाली गेला आणि ते ओढ्यापलीकडच्या आमच्या भातखाचरात पडलं. आवाज तेव्हा थांबला.

लावाई गेला. पुढच्या बाकावरचे दोघे पाहुणे गेले. सहा जण जिवंत आहेत, हेलिकॉप्टरनं नेले. चिखलात तांदूळ सांडलाय, आणि सगळ्या गावच्या कोंबड्या तिथे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चांगलं विमान उगाच पडत नाही. कोणीतरी काहीतरी केलंय.

माझे संशय लिहून ठेवते. एक, कंपनी. किनाऱ्यावर जुने भाग काढून नवे म्हणून बसवतात, असं गेरावतनं ऐकलंय. कोणाकडून ऐकलं ते सांगत नाही. दोन, मुखिया तागालचे रेडे. पट्टीच्या टोकाला ताजं शेण होतं. तागाल म्हणतो जुनं. ताजं शेण मला कळत नाही होय! तीन, लावाईची झोप. त्या रात्री तो आमच्या लांबघराच्या, सगळ्या घरांच्या मिळून असलेल्या ओसरीवर निजला होता आणि ओसरीवर पहाटेपर्यंत गाणी चालली होती. पण हे मी कोणाला बोलणार नाही. मेलेल्या पोरावर कशाला?

चार, इंधन. रविवारी दुपारी पाऊस पडला. पिंपं छपराबाहेर होती. पिंपं सांभाळतो साहारी.

हा चौथा संशय लिहिताना हात जरा थांबला. मग वाटलं, इतरांवर लिहिलं, तर याच्यावर का नाही? जावई म्हणून सूट कशाला?

११ ऑगस्ट, सोमवार

आज ओसरीवर सगळे जमले होते. पोलीस शिपाई किनाऱ्याहून आलाय. त्यानं विचारलं, कोणी काही वेगळं पाहिलं का? मग मीच बोलले. म्हटलं, त्या सोमवारी सकाळी एका पिंपाचं झाकण जमिनीवर होतं.

साहारी तिथेच होता. म्हणाला, "मामी, झाकण काढल्याशिवाय पंप कसा घालू?"

"ते मला काय विचारतोस? मी फक्त पाहिलं ते सांगितलं."

"गाळणीतून गाळल्याशिवाय थेंब नाही घातला. तू शेजारी उभी होतीस."

"मी त्या वेळी यादी लिहीत होते."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला काय, त्याचं कोण होतं त्या विमानात?" आणि दुसरा म्हणाला, "आपल्यात जेवत नाही, त्याच्या मनातलं कोणाला कळणार?" मी असं काही बोलले नाही. मी फक्त झाकणाचं बोलले.

शिपायानं त्याला बरोबर नेलं. चौकशी होईपर्यंत किनाऱ्यावरच ठेवणार म्हणे, आणि इंधनाचा परवाना काढून घेतला. परवाना परत मिळाला नाही तर बारा वर्षांचं काम गेलं, आणि तीन माणसं मारली म्हणून खटला होईल तो वेगळा. गावाच्या चेहऱ्यावरचा ताण सुटल्यासारखा दिसला. खरं सांगायचं तर माझाही. कारण कळलं की माणसाला झोप लागते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बुयांगताई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "नवं नाव घेतलंस आणि पहिलं काम काय केलंस? माझ्या लेकीच्या तोंडाला काळं फासलंस!"

"ताई, मी झाकण पाहिलं."

"मी पण पाहिलं! बारा वर्षं पाहतेय! इंधन घालायचं तर झाकण काढावंच लागतं. तू भात शिजवतेस ते झाकण न काढता ढवळतेस का?"

"मग विमान कशानं पडलं, ते तुम्ही सांगा."

"मला काय माहीत! मी काय इंजिन आहे? पण माहीत नाही म्हणून मी कोणाच्या जावयाला बांधून नाही देत."

गेल्या तशा मागं वळून बघितलं नाही. चाळीस वर्षं आम्ही दोघी एका लांबघरात दोन दारांवर राहतोय. भिंतीला कान लावला तर त्यांच्या चुलीचा आवाज येतो. आज तो आला नाही. मेनुन आईकडे येऊन राहिलीये, मुलगी कडेवर. मी खोबऱ्याचे लाडू पाठवले. परत आले.

१६ ऑगस्ट, शनिवार

चौकशीच्या बाई आल्या. चोंगबाई. बारीक, कापलेले केस, पायात पुरुषांचे बूट. दूध नसलेली कॉफी पितात आणि बोलण्याआधी कपात बघतात. मला काही त्यांचा भरवसा वाटत नाही. सरकारनं पाठवल्याचं सांगतात, पण सामान कंपनीच्या पेटीतून आलंय. कंपनीला वाचवायला आल्या असतील.

आल्या आल्या खाचरात उतरल्या, घोट्यापर्यंत चिखलात. तिथे दिवसभर काय बघितलं देव जाणे. परतल्या त्या हातात मूठभर तांदूळ घेऊन. मला विचारलं, "हे किती होतं?"

"तांदूळ होता. वानोळा."

"किती?"

"वानोळा किती ते विचारत नसतात, बाई."

त्यांनी वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं. माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस बाईंनी सगळ्यांना भंडावून सोडलंय. आज माझी पाळी.

"विमान वर गेल्यावर इंजिनाचा आवाज कधी बंद झाला?"

"बंद झालाच नाही. आपटेपर्यंत ओरडत होतं."

"नक्की?"

"एकतीस वर्षं मी आवाजावरून विमान ओळखते, बाई. ढगात असलं तरी सांगते कुठलं आणि कोण चालवतंय."

त्यांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. माझी आठवण त्यांना आवडली असावी.

"इंधनात पाणी असेल तर इंजिन कसं वागतं?"

"खोकतं. दम तोडतं. एकदा बाहेरच्या एका विमानाचं झालं होतं, उडायच्या आधीच बंद पडलं." हे बोलले आणि जरा थांबले. पण त्यांनी लगेच पुढचा प्रश्न काढला, म्हणून ते तसंच राहिलं.

"नाक किती वर झालं होतं?"

मी वही उभी धरून दाखवलं.

"आणि शेवटच्या बाकामागे सामान कोणी ठेवलं?"

"सगळ्यांनी. हौसेनं ठेवतात. त्यात काय?"

कप रिकामा झाला तरी बाई त्यात बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या प्रत्येक घरानं जे दिलं होतं, तेच तेवढंच परत घेऊन यायचं. काट्यापाशी."

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी मुखिया तागाल माझ्याआधी काट्यापाशी जाऊन उभा. "वानोळा तोलायचा नाही. आमच्या बापजाद्यांनी नाही तोलला. ही बाई आम्हाला लाज आणतेय."

चोंगबाई म्हणाल्या, "घेणारे इथे नाहीत, मुखिया. मग लाजायचं कोणासमोर?"

तागाल काट्यापासून बाजूला झाला.

लोक आले. मला वाटलं, थोडंसं आणतील. पण लाजेपेक्षा मान मोठा. आपण कमी दिलं होतं असं कोणालाच दिसू द्यायचं नव्हतं. एकेक घर पुढे येत होतं आणि सांगत होतं: "आम्ही दोन अननस." "आम्ही चार, मोठे." "आम्ही रेड्याची मांडी, अर्धी." मांडी आता नव्हती, म्हणून त्यांनी तेवढा ओंडका आणला, आणि त्यावरून दोन घरांत भांडण, की मांडी एवढी जाड नव्हतीच. मिठाच्या पुड्या, ओल्या शेंगा, टोपल्या, एका म्हातारीनं तर दगडी उखळ दिलं होतं, सुनेला हवं होतं म्हणून. गंमत चालली होती. लोक हसत होते. ज्याचं जास्त भरलं तो इकडेतिकडे बघत होता.

शेवटी मी माझं पोतं आणलं. लितादसाठी दिलं होतं त्याच मापाचं. त्रेपन्न किलो.

बाईंनी बेरीज मला करायला लावली. एकशे एकाहत्तर.

मी परत केली. एकशे एकाहत्तर.

"तुम्ही तीस धरले होते," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "एकशे एक्केचाळीस जास्त. आणि बहुतेक सगळं शेपटाकडे. शेपूट इतकं जड झालं की नाक वर जातं आणि पायलटनं कितीही दाबलं तरी खाली येत नाही. मग पंखांना हवा धरता येत नाही. इंजिन चालूच असतं."

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. लोक आपापली वस्तू उचलून निघाले. येताना छातीशी धरून आणली होती, जाताना मागे लपवून.

काटा बिघडला असेल. सगळे गेल्यावर मी स्वतः त्यावर चढले. चोपन्न. नेहमीइतकेच.

२१ ऑगस्ट

हवा: पूर्वेचा हलका वारा. ढग कमी. विमान नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती. आज लिहिते.

लावाईनं शेपूट थोपटलं, तेव्हा मी त्याच्या बाजूलाच होते. तो म्हणाला, "मावशी, शेपूट बसलंय गं."

मी म्हटलं, "बसू दे की. माझ्या नावाचं आहे ते. आजच्या दिवशी उतरवशील तर बोलणार नाही तुझ्याशी."

"एकूण किती धरलंस?"

"तीस. नेहमीसारखं."

त्यानं आत बघितलं. पाहुण्यांच्या मांड्यांवर गाठोडी. बाहेर बघितलं, सगळं गाव उभं. म्हणाला, "बरं." आणि हसला. किनाऱ्याचा पायलट असता तर त्यानं सगळं गवतात काढून फेकलं असतं. मी आठवडाभर त्याला शिव्या घातल्या असत्या. आणि सगळे जेवायला घरी पोचले असते.

लावाई आमचा होता म्हणून 'नाही' म्हणाला नाही.

संध्याकाळी लिताद आली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. मुखिया बरोबर होता. लितादनं माझा हात धरला. म्हणाली, "बाईला सांग, वजन बरोबर होतं. माझ्या मुलाच्या नावावर लिहिणार आहेत ते, ठाऊक आहे? पायलटनं बघायला हवं होतं असं लिहिणार. या डोंगरातून दुसऱ्या पोराला कोणी विमान देईल का मग?"

तागाल म्हणाला, "कागदावर अजून काही नाही. बाईला तुझी सही लागेल. तू म्हणालीस लोकांनी तोलायला वाढवून आणलं, मान म्हणून, तर खोटंही नाही. आणलंच असेल कोणीतरी."

"आणि साहारी?"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग लिताद म्हणाली, "तो काय, तरुण आहे. किनाऱ्यावर त्याची माणसं आहेत. कुठेतरी लागेल कामाला."

मला ते पटल्यासारखं वाटलं. मलाच नवल वाटलं, इतकं पटकन कसं पटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस संशय धरायला कोणीतरी शोधतेय. चोंगबाईंवर धरून बघितला. टिकत नाही. त्या खोलीत बसून सगळ्या जखमी पाहुण्यांचे रेडिओवरून आलेले जबाब लिहितायत, प्रत्येकानं 'मागे खूप सामान होतं' म्हटलंय, तरी माझ्यासमोर एकदाही ते कागद नाचवले नाहीत. सहीसाठी वाट बघतायत.

मी लोकांबद्दल कधी वाईट चिंतलं नाही असं मला वाटत होतं. मग आज ही वही मागून पुढे वाचली. कंपनी, रेडे, पोरगा, जावई. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तीस किलोवर एकदाही नाही. ते तर मी अभिमानानं लिहिलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

सही केली.

पूर्ण सांगितलं. शेपटाचं, लावाईच्या बोलण्याचं, माझ्या उत्तराचं. झाकणाचंही, की त्याचा काही संबंध नव्हता आणि साहारीनं गाळून इंधन घातलं होतं. मी यादी लिहीत नव्हते, बघत होते. बाईंनी वाचून दाखवलं. खाली माझं नाव लिहिताना सुपांगचा 'सु' काढला आणि खोडून नवं लिहिलं. एजंटचं काम सुटलं, नवा माणूस येईपर्यंत मीच.

"पायलटनं बघायला हवं होतं, हे लिहावं लागेल," बाई म्हणाल्या.

"त्याच्या आधी लिहा की मी त्याला बघू दिलं नाही."

त्यांनी तसंच लिहिलं, आधी.

मग तासभर चालत लितादकडे गेले, स्वतःच्या तोंडानं सांगायला. ती अंगणात शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं. हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "पाणी पिऊन जा, सुपांग."

सुपांग. मी पाणी प्यायले.

१३ सप्टेंबर, शनिवार

साहारी आला. परवाना परत मिळाला. मी त्याच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या घरी रिकाम्या हातानं गेले. काही नेलं असतं तर ते मोल दिल्यासारखं झालं असतं.

म्हटलं, "माझं चुकलं. ओसरीवर बोलले, तर ओसरीवरच सगळ्यांसमोर परत बोलेन."

"बोल, मामी. त्यात माझं काही जात नाही."

"रागावलास?"

तो पंपाची नळी पुसत होता. मग म्हणाला, "तू नाव घेतलंस त्याचं काही नाही. घाबरलं माणूस की घेतं. पण शिपाई मला घेऊन चालला तेव्हा मी मागे वळून बघितलं. कोणालाच नवल वाटलं नव्हतं. एकालाही."

मला त्याचा रोख नीट कळला नाही. आम्ही त्याला कधी परका मानलं? जेवणात त्याचं पातेलं नेहमी वेगळं, स्वच्छ ठेवतो. मेनुन आत चहा करत होती, ती बाहेर आलीच नाही. जाताना त्यानं सांगितलं, ते तिघं किनाऱ्याला जाणार. मुलीची शाळा.

तिकडच्या शाळा चांगल्याच आहेत.

दुपारी ओसरीवर मी बोलले. लोकांनी ऐकलं, मान हलवली आणि भाताच्या गोष्टी सुरू केल्या. बुयांगताई भिंतीपलीकडून ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांच्या चुलीचा आवाज आला.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज विमान आलं, पायलट नवा, किनाऱ्याचा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "सगळं काट्यावर." मी म्हटलं, "तुला सांगायची गरज नाही."

लोक एका महिन्यात सरावलेत. तागालचा भाचा याच विमानानं गेला. त्याला पोचवायला दोन घरं आली. अननस, तांदूळ, मीठ, सगळं आपणहून काट्यावर ठेवलं, आणि कमी भरलं तर वरून एक शेंग टाकली. बावीस किलो. मी लिहिलं.

मग साहारी, मेनुन आणि मुलगी. माणसं एकशे एकतीस, पेट्या सत्याऐंशी. बुयांगताईंनी हातानं विणलेली चटई आणली, दोन किलो. त्यांनी स्वतःच काट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही, वहिनी." महिन्याभरात माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द.

मी लिहिलं, आणि दोरीकडे बघून थांबले. अजून कोणी येईल म्हणून पायलटला दोन मिनिटं धरून ठेवलं. त्या तिघांना पोचवायला आलं नाही कोणी. वर तीस धरायचं काही कारणच नव्हतं.

विमान सरळ वर गेलं. ते ढगात जाईपर्यंत ताई आणि मी बघत होतो.

येताना मी म्हटलं, "काट्याला घाबरून आले नसतील लोक."

ताई पुढे चालत राहिल्या. काट्यालाच घाबरून आले नसतील.